वाढत्या मापाचे बूट

माझं पाऊल साडेतेवीस सेंटिमीटर लांब आहे, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी झिंडेलफिंगेनमधल्या एका खेळाच्या दुकानात कळलं. तोपर्यंत मी एकोणचाळीस नंबरचे बूट घालून दोन देशांत सुखाने वावरत होते. सुखाने म्हणजे, चालताना टाच जरा उचलली जायची आणि जिना उतरताना डावा बूट कधीमधी माझ्या आधी खाली पोचायचा, एवढंच. बूट असेच असतात अशी माझी समजूत होती.

ही समजूत साताऱ्यात तयार झालेली. दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी बाबा मला बुटांच्या दुकानात न्यायचे. मी बूट घालून उभी राहायची, पाय पुढे सरकवायची, आणि बाबा टाचेमागे आपलं पहिलं बोट घालून बघायचे. बोट आरामात गेलं की दुकानदाराला म्हणायचे, "हां, हा द्या. वाढता पाय आहे." बोट अडकलं तर बूट परत. पुढच्या पोकळीत आई कापसाचा बोळा घालायची. पहिल्या वर्षी बूट फटक फटक वाजायचा, दुसऱ्या वर्षी नीट बसायचा आणि तिसऱ्या वर्षी अंगठा बाहेर डोकावायचा. वर्गातल्या सगळ्यांचे बूट वाढत्या मापाचेच असत, त्यामुळे आमची कवायत दिसायच्या आधी ऐकू यायची. पंधराव्या वर्षी माझा पाय वाढायचा थांबला. टाचेमागे बोट घालायची सवय मात्र थांबली नाही. ती मी सासरी नेली आणि पुढे जर्मनीतही आणली.

आता मी पोटासाठी काय करते ते सांगते, म्हणजे माझी अक्कल किती ते कळेल. मी मोटारींच्या कारखान्यात दार आणि बॉडी यांच्यामधली फट मोजते. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला की फोनावर फोन करते, मीटिंग बोलावते, चार जर्मन पुरुषांना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून ती फट दाखवते. "बसतंय की, जरासं सैल आहे इतकंच," असं कोणी म्हटलं तर त्याची धडगत नसते. आणि संध्याकाळी त्याच इमारतीतून बाहेर पडताना माझ्या स्वतःच्या टाचेमागे बोटभर फट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एवढं सगळं माझ्यापुरतंच राहिलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण मला एक मुलगी आहे. तेव्हा ती आठ वर्षांची होती. जन्म इथलाच, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिच्या शाळेचा वर्ग दर जानेवारीत तीन दिवस बर्फात स्की शिकायला जायचा. आदल्या वर्षी ती पहिल्यांदा जाणार म्हणून ऑक्टोबरमध्ये मी तिला स्कीबझारला घेऊन गेले. शाळेच्या जिममध्ये लोक आपल्या मुलांना लहान झालेले बूट, स्की, हेल्मेट मांडून बसतात, तो हा बझार. मी तिथे अगदी बाबांच्या थाटात हिंडले. एक निळा बूट पसंत केला, तिला घालायला लावला आणि टाचेमागे बोट घातलं. एक नाही, चांगली दोन बोटं गेली. मन भरून आलं.

"मामा, पाय आत हलतोय," हातातलं वाफल खाता खाता ती म्हणाली. मामा म्हणजे मी. इथे आईला असंच म्हणतात, आणि पुण्याच्या नातेवाइकांना ते ऐकून दर वेळी नव्याने हसू येतं.

"हलू दे," मी म्हटलं. "वाढशील."

पुढे कापूस घातला. वर सासूबाईंनी पुण्याहून विणून पाठवलेल्या लोकरी मोज्यांचे दोन जोड दिले. माझ्या हिशेबी काम चोख झालं होतं.

तीन दिवसांनी ती परत आली. हळूहळू कळलं ते असं, की पहिल्या सकाळी तिला तिच्या वर्गाच्या गटात घातलं, दुपारी त्याखालच्या गटात, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या बालवाडीच्या मुलांबरोबर, जिथे चार-चार वर्षांची पोरं रंगीत पुठ्ठ्याच्या अस्वलांभोवती घसरत होती. ती त्यांच्यात डोक्याने उंच. "सगळ्यांना वळता येतं," ती म्हणाली, "मला एकटीला येत नाही." पुढे तिने पोहण्याच्या परीक्षेलाही जायचं नाही असं ठरवलं. जिम्नॅस्टिक्स सोडलं. मला खेळ येत नाहीत, असं आठ वर्षांच्या मुलीने शांतपणे जाहीर करून टाकलं.

पण माझं तोंड थोडंच गप्प बसतं? दर रविवारी साताऱ्याला फोन व्हायचा. त्यात मी बाबांना सांगितलं, "पोरगी जरा भित्रीच निघाली हो." ती शेजारीच जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

पुढच्या वर्षीच्या क्लासेनफार्टचा, म्हणजे वर्गाच्या सहलीचा, कागद नोव्हेंबरात घरी आला. माझी सही हवी होती. तिने तो फळांच्या टोपलीखाली सरकवला आणि जायचं नाही म्हणून सांगितलं. नवरा सोमवार ते शुक्रवार एश्बॉर्नला नोकरीच्या गावी. तो शनिवारी टोपलीतलं केळं सोलत म्हणाला, "नको म्हणते तर सोड ना." मला सोडवेना. एकदा सोडलं की ती प्रत्येक गोष्ट सोडायला शिकेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग मी ठरवलं, आपणच शिकायचं. मी चाळिशीकडे झुकलेली, वजनदार, जन्मात बर्फावर उभी न राहिलेली बाई तिच्यासमोर पंचवीस वेळा आपटेन. माझ्यासारखीला जमतं तर आपल्याला का नाही, असं तिला वाटेल. मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात मी नाव घातलं. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, "स्की भाड्याने घे, कपडे माझे ने, पण बूट नीट मापाचे घे." तिने दुकान सांगितलं.

तर त्या शनिवारी आम्ही तिघी गेलो: मी, मुलगी, आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, ज्यांना घरी एकटं बसायचं नव्हतं. मुलीचे गेल्या वर्षीचे बूट आणि स्कीसुद्धा मी पिशवीत घेतले होते. तिचं वजन वाढलं होतं, त्याप्रमाणे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड पुन्हा बसवून घ्यावी लागते. ती म्हणाली, कशाला, मी जाणार नाहीये. मी म्हटलं, असू दे, ओझं मी उचलतेय.

दुकानात एक सत्तरीचे आजोबा निळा एप्रन लावून उभे होते. पांढरे केस, जाड बोटं, आणि बोलणं अस्सल श्वाबी, म्हणजे माझ्या वर्गात शिकलेल्या जर्मनला अर्धंच कळणारं. मी एकोणचाळीस नंबर मागितला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून माझा पाय उचलून मांडीवर घेतला.

"अगं!" सासूबाई मागून म्हणाल्या. "वयाने केवढे आहेत ते! पायाला हात काय लावू देतेस?"

मलाही अगदी चोरल्यासारखं झालं. त्यांनी माझा बूट काढला. आत लोकरी मोजा. तो काढला. आत दुसरा लोकरी मोजा. आजोबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणखी किती आहेत अशा नजरेने. तो मोजा उजेडात धरून त्यांनी वीण निरखली. "हाताने विणलाय?" मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी सासूबाईंना मान झुकवून दाद दिली, मोज्यांची नीट घडी घातली आणि म्हणाले, "हे संध्याकाळी, शेकोटीपाशी. बुटात नाइन." नाइन म्हणजे नाही. मग एक पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा पुढे केला.

"एवढ्याशाने थंडी जाणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. दाद मिळाल्यामुळे त्या आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात घोळ झाला. पाय मागे घेताना माझी टाच आजोबांच्या छातीला लागली. हात आपोआप उठला, त्यांच्या खांद्याला लागला आणि माझ्या छातीशी आला. पाय लागला की नमस्कार, हे काय ठरवून करावं लागतं? आजोबांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी आभार मानायची पद्धत असावी. त्यांनीही गंभीरपणे माझ्या गुडघ्याला हात लावून आपल्या छातीशी नेला. "बित्ते," म्हणाले, म्हणजे त्यात काय एवढं. त्यानंतरच्या पाऊण तासात माझा पाय त्यांना चारदा लागला आणि आम्ही चारही वेळा एकमेकांना नमस्कार केला. मुलगी पार बुटांच्या मांडणीमागे जाऊन उभी राहिली.

आता मापाकडे येते. त्यांनी पाय धातूच्या पट्टीवर ठेवला आणि साडेतेवीस असा आकडा सांगितला. मी म्हटलं, नाही हो, एकोणचाळीस. ते म्हणाले, "तुमचा पाय सदतीस आहे. एकोणचाळीस तुमचा बूट आहे." मग माझ्या समाधानासाठी त्यांनी मी मागितलेला बूट आणला, आतला मऊ भाग उपसून काढला, आणि नुसत्या टणक कवचात मला उभं केलं. पाय पुढे सरकवा म्हणाले. मी सरकवला. त्यांनी टाचेमागे बोट घातलं.

मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं! तीच खुर्ची, तेच वाकणं, तेच टाचेमागचं बोट. आजोबांनी एक बोट घातलं, दुसरं घातलं, तिसरंही गेलं. मी आनंदाने म्हणाले, "पास्ट!" म्हणजे, बसतोय.

"नाइन," आजोबा म्हणाले आणि बूट परत ठेवला.

दुसरा आणला. त्यात दोन बोटं गेली. नाइन. तिसऱ्यात एकच, तेही जेमतेम. "गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. आणि ती एका बोटाची जागासुद्धा आतला मऊ भाग परत बसवल्यावर नाहीशी होणार होती. आयुष्यभर ज्या बोटाने माझे बूट पास झाले, त्याच बोटाने इथे ते नापास होत होते.

बक्कलं लागली. माझी बोटं बुटाच्या टोकाला भिडली. मी म्हटलं, घट्ट आहे, लहान आहे, उद्या कापावी लागतील. आजोबा म्हणाले, "गुडघे वाकवा." मी वाकवले, आणि काय आश्चर्य, टाच मागे बसली, बोटं टोकापासून सुटली आणि पाऊल चहूबाजूंनी धरल्यासारखं झालं. असं माझ्या पायाला ह्याआधी कधीच कोणी धरलं नव्हतं. "आता वीस मिनिटं घालून हिंडा," ते म्हणाले.

मी हिंडले. पहिल्यांदा नऊवारी नेसलेली मुलगी मांडवात फिरते तशी, पाय फाकवून, धाड धाड आवाज करत. सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मांडणीमागून मुलगीही बाहेर आली आणि हसली. स्कीच्या बाबतीत ती वर्षभरात पहिल्यांदाच हसत होती. मग आजोबांनी मला एका डुगडुगत्या फळीवर उभं केलं आणि डावीकडे-उजवीकडे झुकायला सांगितलं. मी पाय जरा कलता केला, फळी कलली. पाय परत आणला, फळी परत आली. मी करीन ते बूट करत होता.

आजोबांनी खुर्चीखालचे माझे रोजचे बूट पायाने पुढे ढकलले. "ह्यात पाय वळतो," ते म्हणाले, "पण बुटाला कळतच नाही."

मी फळीवर तशीच थांबले. सगळ्यांना वळता येतं, मला एकटीला येत नाही. कोपऱ्यात पिशवी होती. ती उघडायच्या आधीच मला सगळं कळून चुकलं होतं, आणि ती उघडू नये असं फार वाटत होतं.

पण पकड तर बसवायचीच होती. आजोबांनी निळे बूट बाहेर काढले आणि सवयीने आतला भाग उपसला. कापसाचा बोळा जमिनीवर पडला. एका वर्षात तो दाबून दाबून टणक झाला होता. त्यांनी तो चिमटीत धरून विचारलं, "हे काय?"

"कापूस आहे हो," सासूबाईंनी मराठीतच शांतपणे सांगितलं.

त्यांनी मुलीचा पाय पट्टीवर ठेवला. साडेएकोणीस. बुटावर साडेएकवीस. म्हणजे वर्षभर वाढूनही दोन सेंटिमीटरची फट होती. गेल्या जानेवारीत तर तीनएक असणार. कारखान्यात एवढी फट निघाली असती तर मी काय केलं असतं ते मला सांगवत नाही.  आजोबा मुलीकडे वळून म्हणाले, "मैट्ले, पोरी, मी साठ वर्षं स्कीवर आहे. ह्या बुटांत मलाही वळता आलं नसतं."

 तिने आधी बुटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजोबांनी तिला साडेएकोणीसचे बूट घालून फळीवर उभं केलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. फळी ऐकत होती. ती खाली उतरायलाच तयार होईना. आम्ही दोन जोड घेऊन निघालो.

गाडीत मी म्हटलं, "चूक माझी होती. तू सांगत होतीस पाय हलतोय म्हणून. मी ऐकलं नाही." मुलीला असं सांगणं मला सोपं गेलं नाही. आमच्याकडे आईबाप चुकले तर दुसऱ्या दिवशी आवडीची भाजी करतात, बोलून दाखवत नाहीत.

 ती खिडकीबाहेर बघत जर्मनमध्ये म्हणाली, "तू साताऱ्याच्या आजोबांना सांगितलंस की मी भित्री आहे." सगळं वाक्य जर्मन, मधला तो एकच शब्द मराठी. एरवी तिला 'भ' धड म्हणता येत नाही. हा अगदी स्वच्छ उच्चारला होता. वर्षभर तिने तो जपून ठेवला होता.



"त्यांना फोन कर," ती म्हणाली. "आणि सांग."

"बरोबर आहे तिचं," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी आधी नवे बूट चढवले. पायाला बसावेत म्हणून ते रोज अर्धा तास घरात घालून हिंडायचं, असा दुकानातल्या आजोबांचा हुकूम होता. बूट घालून घरात, हे सासूबाईंना मुळीच पटलं नाही. शेवटी, कोरे आहेत म्हणून चालतील, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा तह झाला. खरं सांगायचं तर मी फोन लांबवत होते. मुलगी फोन हातात घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिने स्वतः नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा," मी म्हटलं, "मी मागे तुम्हाला म्हटलं होतं ना, पोरगी भित्री आहे म्हणून. ते चूक होतं. ती भित्री नाही. तिचे बूट मोठे होते, आणि ते मी घेतले होते."

"मोठे म्हणजे किती?"

"तीन सेंटिमीटर."

 साताऱ्याहून बाबा कडाडले. "इंचभर? अगं, मी बोटभर घ्यायचो!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, पोरीला दे. मी म्हटलं, ती ऐकतेच आहे.

"बाळा," बाबांचा आवाज उतरला, "ह्या सगळ्याचं मूळ मी आहे बरं. तुझ्या आईला मीच बिघडवलं. तू भित्री नाहीस. इंचभर मोठे बूट घालून तू तीन दिवस बर्फात उभी राहिलीस, आम्हाला एक दिवस जमलं नसतं."

"या," ती म्हणाली, म्हणजे जर्मनमधलं हो. थोड्या वेळाने पुन्हा, "या, आजोबा."

"मग आता जाणार का?"

 फोन माझ्या हातात देऊन ती माझ्या मागे गेली, गुडघे टेकून बसली, आणि माझ्या बुटाच्या वरच्या काठातून आत बोट घालायला बघू लागली. इकडून घातलं, तिकडून घातलं. बोट गेलं नाही.

"गेनाऊ," ती म्हणाली. उठून स्वयंपाकघरात गेली, फळांच्या टोपलीखालून तो कागद ओढून काढला, त्यावर पडलेला केळ्याचा डाग बाहीने पुसला आणि पेनासकट माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला.

बूट काढायला वेळ लागला असता, आणि मला एक क्षणही घालवायचा नव्हता. दुकानातल्या आजोबांनी शिकवल्याप्रमाणे गुडघे वाकवून मी टेबलापर्यंत उतरले आणि सही केली. डोळ्यांतलं पाणी त्या कागदावर पडू नये म्हणून तोंड फिरवलं, तर समोर सासूबाई.

"चावतोय का गं बूट?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आई," मी म्हटलं. "अगदी मापात आहे."